सोनबा मिस्त्रींचा लाल धागा

परळच्या आमच्या गिरणीत वाफेचा नळ किती तापला आहे हे सांगणारी दोन साधनं होती. एक विलायती मीटर, ज्याचा काटा वर्षातले आठ महिने एकाच जागी अडकलेला असे. दुसरं साधन म्हणजे सोनबा मिस्त्रींचा उजवा तळहात. आमच्या इंजिनियर साहेबांचा विश्वास अर्थातच मीटरवर होता, पण बॉयलर इन्स्पेक्टर यायचा दिवस जवळ आला, की "सोनबा कुठे उलथलाय?" म्हणून तेच सगळ्यांच्या आधी ओरडायला लागत.

सोनबा येत. घाई नाही, गडबड नाही. आधी टोपी काढून मांडीवर तीनदा झटकत, मग नळापासून चार बोटं अंतरावर तळहात धरून हळूहळू पुढे सरकत जात. मध्येच थांबून म्हणत, "इथं गळतंय बघा." गळत काहीच नसायचं, म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही नाही. पण तिथलं आवरण उकललं, की आतला माल एका बाजूला बसलेला, ओला झालेला किंवा उंदरांनी पळवलेला सापडायचा. उष्णता गळते, हे मला बी.ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ते मी चौथी पास झालेल्या माणसाकडून शिकलो.

मी त्या गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. गिरगावातून ट्रामने यायचं, आलेल्या मालाची नोंद करायची, शिक्का मारायचा आणि गिरणी आपल्यामुळेच चालली आहे अशा समजुतीत घरी जायचं, असा माझा दिनक्रम. सोनबांचं काम लॅगिंगचं. बॉयलरपासून निघालेले वाफेचे नळ सगळ्या खात्यांमधून फिरत; ते उघडे ठेवले तर वाफ वाटेतच थंड पडते आणि येणारा-जाणारा भाजतो, म्हणून त्यांना कपडे घालायचे. सरळ नळावर ओला लेप थापायचा. पण व्हॉल्व्ह, सांधे, झाकणं दुरुस्तीसाठी वारंवार उघडावी लागतात. तिथे काढता-घालता येईल असं काहीतरी हवं. त्यासाठी ॲस्बेस्टॉसच्या कापडात ॲस्बेस्टॉसचाच पिंजलेला कापूस भरून, आडवे-उभे टाके घालून जाड गाद्या शिवत आणि तारेने आवळून बांधत. ऑफिसात त्यांना मॅट्रेस म्हणत. सोनबा गोधडी म्हणायचे, आणि त्यांचंच बरोबर होतं.

माणूस बुटका, काटक. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, कानावर विडी. बॉयलरच्या खोलीत ती विडी त्यांनी कधी पेटवली नाही, आणि ती खोली सोडून ते कधी फारसे बाहेर नसायचे, त्यामुळे एकच विडी आठवडाभर पुरत असावी. भुवया बारा महिने पांढऱ्या. पिठाच्या गिरणीतून आत्ताच बाहेर आल्यासारखे दिसत. कुठलीही वस्तू हात लावल्याशिवाय त्यांना पटत नसे. माझ्या लग्नातला नवा शर्ट त्यांनी बाहीला धरून चोळून पाहिला आणि म्हणाले, "कापड बरं हाय. शिंप्यानं धागा हलका वापरलाय." दोन महिन्यांत शिवण उसवली.

ते मूळचे खेडकडचे, राहायला भोईवाड्याच्या चाळीत. गिरणीत आले तेव्हा त्यांना मागावर जायचं होतं, कारण पगार तिथे चांगला. पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. म्हणून त्यांना बॉयलरकडे धाडलं. तिथे धूळ, काजळी आणि भाजणं. तिथे कुणाची हरकत नव्हती. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. वर हसून म्हणाले, "आग विचारत नाय ना भाऊ, कुठल्या वाडीतला म्हणून." मी हसलो नाही. 

माल निवडायची त्यांची रीत सगळ्या एजंटांना ठाऊक झाली होती. एजंट फोर्टातून येत, टाय लावलेले, हातात नमुन्यांची पेटी. हा माल इतकी डिग्री सोसतो, तो तितकी, अशी त्यांची पोपटपंची सुरू झाली, की सोनबा शांतपणे ऐकून घेत आणि मग तीन गोष्टी विचारत. कुठे बसणार? किती वेळा काढायची? पाणी लागणार का? म्हणत, "डिग्री तुमची, जागा माझी." भट्टीच्या तोंडाशी चालणारा भारी माल साध्या व्हॉल्व्हला घालणं म्हणजे नुसती मिरवणूक, आणि साधा माल भट्टीशी नेणं म्हणजे महिन्याभरात राख. गोधडी आवळून बांधली की तिच्यातली हवा जाते आणि हवा गेली की ऊब थांबवणार कोण, हेही तेच समजावत.

मग परीक्षा. नमुना गरम व्हॉल्व्हवर बांधायचा, वर एजंटाने स्वतःचा तळहात ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत हात टिकला तर माल पास. एका गोऱ्यागोमट्या एजंटाने तिसऱ्या घोटाला हात उचलला आणि म्हणाला, "मिस्त्री, हा चहाच फार गरम आहे." बॉयलरची खोली हसून फुटली. सोनबा मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच्या कपाला हात लावून पाहिला आणि "चहा बरोबर हाय," एवढंच म्हणाले.

पास झालेल्या मालाच्या कोपऱ्यात ते लाल धागा बांधत. तीन वेढे, वर उलटी गाठ. तो धागा असला, की लॅगिंगवाले डोळे मिटून माल घेत. नसला तर साहेबांची सही असूनही कुणी हात लावत नसे. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर सोनबांनी घरातले देव पोचवले, दंडावरचा ताईत सोडला. तेव्हा खात्यात कुणीतरी डिवचलं, "मिस्त्री, गंडेदोरे गेले ना? मग हा कशाला ठेवलाय?" ते म्हणाले, "तो देवाच्या भरवशावर होता. हा माझ्या भरवशावर हाय." लाल धाग्याचं रीळ त्यांच्या खिशात कायम असे.

आता गोधड्या शिवायच्या कुणी, हा प्रश्न. युद्धाच्या काळात तिन्ही पाळ्या चालत होत्या आणि गाद्या पुऱ्या पडत नव्हत्या. नंतर गिरणीने सुताची कांडी भरणाऱ्या बायकांना घरी बसवलं, त्यात भोईवाड्यातल्याच सात-आठ जणी होत्या. सोनबांनी साहेबांच्या मागे लागून गोधड्या शिवायचं काम आपल्या चाळीत नेलं. गोधडी शिवणं त्या बायकांना शिकवावं लागत नव्हतंच. माल स्टोअरमधून हातगाडीने जायचा, शिवून परत यायचा. या गोष्टीचा सोनबांना केवढा अभिमान! "आठ चुली चालल्यात भाऊ, टाक्यावर," असं ते मला दर महिन्याला एकदा तरी ऐकवत.

मी त्या चाळीत प्रथम गेलो तो शिवलेल्या मालाची मोजदाद जुळेना म्हणून. गॅलरीत बायका ओळीने बसलेल्या, मांडीवर पांढऱ्या गोधड्या, केस, पापण्या सगळं पांढरं. मधोमध सोनबांची बायको येसूबाई. मोठी हसरी बाई. मला बघताच म्हणाली, "या भाऊ, आमी सगळ्या म्हाताऱ्या झालेल्या बघायला आलात?" शिवून झालेली गोधडी ती उठून कठड्यावर टाकायची आणि दोन्ही हातांनी दणादणा झटकायची, जशी कुठलीही घरची गोधडी झटकतात तशी. पोरं खाली पडणारं पांढरं भुरभुर झेलायला धावत. उरलेल्या तुकड्यांच्या ती स्टोव्हखाली ठेवायच्या गोल चकत्या शिवायची, कडेला लाल धाग्याची नक्षी. मिस्त्री त्या चकत्या लग्नाकार्यात आहेर म्हणून देत.

माझ्या लग्नातही दिली. गिरगावात आमच्या दारात येऊन, चपला बाहेर काढून, दोन्ही हातांनी पुढे केली. माझ्या आईने ती खाली ठेवायला लावली आणि त्यांच्यासमोरच तांब्यातलं पाणी शिंपडून मग आत नेली.  सोनबा बुंदीचा लाडू रुमालात बांधून घेऊन गेले. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी पाहुण्यांकडे वळलो. चकती मात्र आईला इतकी आवडली, की पुढे तिच्याशिवाय स्टोव्ह पेटेना.

मग लक्ष्मण आजारी पडला. लक्ष्मण म्हणजे वीस वर्षं सोनबांबरोबर काम केलेला जोडीदार, कापूस पिंजून भरणारा. आधी खोकला, मग जिना चढताना दम, मग पायरीवर बसून राहणं. दवाखान्यात क्षय सांगितला. गिरणगावात क्षय काय, घरटी एक असायचा; कुणाला नवल वाटलं नाही. पण क्षयाचं औषध लक्ष्मणला लागू पडेना, ताप नाही, थुंकीत रक्त नाही, नुसता श्वास आखूड होत चाललेला. तो गेला. त्याच्यानंतर त्याच्या जागी आलेलाही दोन वर्षांनी खोकायला लागला, तेव्हा सोनबा माझ्या टेबलापाशी आले.

आमच्या स्टोअरच्या पत्र्यात एक फुटकी काच होती. अकराच्या सुमाराला तिच्यातून कवडसा थेट माझ्या टेबलावर पडे. सोनबांनी त्या कवडशात आपली टोपी झटकली. "बघा." धूळ उडाली, नाचली, हळूहळू खाली बसली. मग खिशातून गोधडीचा तुकडा काढून झटकला. कवडसा नुसता भरून गेला. बारीक बारीक चमकणारे तंतू, वर-खाली होत राहिलेले. चहावाला आला, कप ठेवून गेला, आम्ही चहा प्यायलो, तरी ते तिथेच.

मी म्हटलं, "धूळ आहे हो मिस्त्री. मुंबईत धूळ कुठे नाही?"

"धूळ खाली बसते भाऊ. हे बसत नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बसत नाय, तर जातं कुठं?"

 उत्तर त्यांना ठाऊकच होतं. खाली बघत म्हणाले, "येसू खोकते. थंडीपासनं."

त्या दिवसापासून चहाच्या परीक्षेच्या जोडीला कवडशाची परीक्षा आली. कुठलाही नमुना आला की अकरा वाजेपर्यंत एजंटाला बसवून ठेवायचं. ज्याचं कमी उडेल तो माल पसंत. साहेबांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "सोनबा आता ज्योतिषी झाला. ऊन बघून माल घेतो." मीही त्यांच्याबरोबर थोडा हसलो. वरिष्ठ हसले की हसायचं, ही सवय मला होतीच.

त्याच सुमाराला एका एजंटाने परदेशातून नवीन चीज आणली. लोण्याच्या कागदात गुंडाळलेला हातभर तुकडा, शेवरीच्या कापसासारखा पांढरा आणि वजनाला काहीच नाही. म्हणे, चिनी माती तापवून तापवून तिचा रस केलेला आणि त्या रसाचे धागे काढलेले. सोनबांनी तो चिमट्यात धरून भट्टीच्या तोंडाशी नेला. एक बाजू लालबुंद झाली आणि पाठीमागे दोन बोटांवर त्यांचा तळहात तसाच. चहा संपला, दुसरा संपला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. "माती! भाऊ, ही माती हाय. मातीनं काय होतंय माणसाला?" म्हणत ते धावतच स्टोअरमध्ये आले आणि तुकडा कवडशात झटकला.

तंतू उडाले. थोडे कमी असतील, पण उडाले, आणि तरंगत राहिले. सोनबा कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत उभे होते. मग हळू आवाजात म्हणाले, "हिचीपण उडते."

"म्हणजे नको?" एजंटाने विचारलं.

"भट्टीच्या दाराला हवी. तिथं दुसरं काय टिकत नाय. पण बंद पिशवीत, ओली करून, आणि आमीच बसवू. बायांच्या हातात नको. वाफेच्या नळाला तर कशालाच नको, तिथं एवढी आग कुठाय?" एवढा नीट जबाब मी साहेबांकडूनही कधी ऐकला नाही. आयात परवान्याच्या भानगडी बघून साहेबांनी ती चीज नाकारली आणि तुकडा माझ्या कपाटात पडून राहिला.

चाळीत मात्र सोनबांचं काही चालेना. त्यांनी सांगितलं, कापड भिजवून शिवा, झटकू नका, पोरांना लांब ठेवा. ओल्या कापडात सुई अडकायची, बोटं कुजायची, आणि दिवसाला चारच्या जागी दोन गोधड्या व्हायच्या. बायका चिडल्या. त्यांतली काशीबाई तोंडाची फटकळ, ती म्हणाली, "मिस्त्री, खोकून मरू ते मागनं बघू. आज उपाशी मरायचं काय?" काम बंद करावं तर आठ चुली विझणार, चालू ठेवावं तर येसूबाईचा खोकला. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. घट्ट विणीचं, महागातलं पांढरं कापड तेवढं चाळीत पाठवायचं, तेही गिरणीतच ओलं करून. स्वस्तातलं करडं, सैल विणीचं, जे सगळ्यांत जास्त उडे, ते कधीच नाही. बायकांना एकच खूण सांगितली, लाल धागा असेल तोच माल घ्यायचा.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालूच होती. हरताळ, मोर्चे, गोळीबार, लालबागच्या नाक्यावर फोडलेल्या सोड्याच्या बाटल्या, सगळं झालं होतं. मुंबईचं भांडण सुटण्याची चिन्हं नव्हती, आणि सीमेवरच्या सत्याग्रहाला तुकड्या निघत होत्या. एका तुकडीत सोनबांनी नाव दिलं. मी म्हटलं, "या वयात तुरुंग कशाला?" ते म्हणाले, "राज्य आपलं झालं तर कवडसा कुणीतरी बघंल, भाऊ." त्यांचा भाबडेपणा बघून मला वैताग आला होता. आज मला त्या वैतागाचीच लाज वाटते.

निघायच्या आदल्या दिवशी ते स्टोअरमध्ये आले. खिशातून लाल धाग्याचं रीळ काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "तुरुंगात काढून घेतील. सांभाळा. आणि करडा माल घेऊ देऊ नका. मी येईपर्यंत थांबा." मी खण उघडला, रीळ आत ठेवलं आणि म्हटलं, "काळजी करू नका."

ते गेले आणि पंधरा दिवसांत इन्स्पेक्टरची तारीख आली. साहेबांनी करडा माल मागवला, दोनशे गोधड्यांचा. पांढऱ्याला वेळ लागेल म्हणाले. माल आला, चाळीत गेला, पण हातगाडीवाल्याबरोबर तसाच परत आला, कारण बायकांनी धागा नाही म्हणून घेतला नाही. साहेब माझ्या टेबलाशी उभे राहिले. "रीळ तुमच्याकडे आहे म्हणे?" मी हो म्हटलं. "मग बघताय काय? इन्स्पेक्टर तुमच्या मिस्त्रीची वाट बघत थांबणार आहे का?"

मी नाही म्हणू शकलो असतो. फार तर दुसऱ्या खात्यात बदली झाली असती. घरात बायको, म्हातारी आई, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ वर्षं देत आलो. खरं कारण एवढंच, की साहेब समोर उभे होते आणि सोनबा नव्हते. दुपारभर बसून मी प्रत्येक गठ्ठ्याच्या कोपऱ्यात लाल धागा बांधला. तीन वेढे दिले, पण उलटी गाठ मला येत नव्हती. बुटाच्या नाडीला मारतो तशी साधी मारली.

महिना-दीड महिन्याने तुकडी सुटून आली. भोईवाड्यात हार, तुताऱ्या, घोषणा. मीही गेलो होतो, हातात पेढ्यांचा पुडा. का गेलो, देव जाणे. बहुधा सगळं ठीक आहे हे बघायला. सोनबा वाळले होते, दाढी वाढलेली, गळ्यात झेंडूचा हार. ते जिना चढून गॅलरीत आले आणि येसूबाई शिवण टाकून उठली. हसत होती, आणि हसता हसता खोकत होती. तिच्या भुवया, पापण्या, कपाळावरचे केस, सगळं करडं झालं होतं.

सोनबांनी हार काढून कठड्यावर ठेवला. तिच्या केसांवर तळहात टेकवला, मग दोन बोटांत ते भुरभुर चोळून पाहिलं. "हे कुठलं, येसू?"

"गिरणीचंच की. तुमचा धागा हाय ना त्याला." तिने मांडीवरची गोधडी उचलून कोपरा दाखवला.

त्यांनी धाग्याला हात लावला. गाठ बोटाने चाचपली. मग मान वर करून गर्दीत शोधलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी पेढ्यांचा पुडा धरून उभा होतो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "भाऊ, चहा घेऊन जा." येसूबाईने मला चहा दिला आणि मी तो उभ्याउभ्या प्यायलो.

एका लॉटाने कुणी मरत नाही, हे मला आता ठाऊक आहे. तिच्या छातीत ते काम चाळीत आल्यापासून साठत होतं. पण म्हणून माझं काही हलकं होत नाही. तिने त्या मालावर विश्वास टाकला तो माझ्या गाठीमुळे.

दुसऱ्या दिवसापासून सोनबांनी चाळीतलं काम बंद केलं. काशीबाईने त्यांना गॅलरीत उभं करून शिव्या घातल्या. "तुरुंगातून आला नि आमच्या पोटावर उठला," म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं. साहेबांनी आठ दिवसांत लालबागच्या एका कंत्राटदाराला ते काम दिलं आणि दुसऱ्या चाळीतल्या दुसऱ्या बायका करडा माल शिवायला बसल्या. तिकडची नोंदही मीच करत असे. सोनबा पुन्हा नळांवर हात फिरवायला लागले, पण कुठल्याही मालाला त्यांनी परत धागा बांधला नाही, आणि रीळ माझ्याकडे कधी मागितलं नाही.

येसूबाई त्यानंतर वर्षभर होती. शेवटी शेवटी तिला आडवं झोपता येईना. भिंतीला टेकून बसायची, आणि सोनबा तिच्या पाठीवर तळहात ठेवून बसायचे. फाल्गुनात ती गेली. मी प्रेताला गेलो नाही. माझ्याने जाववलं नाही.

पुढे दोनेक महिन्यांनी राज्य झालं. गिरगावात गुढ्या, तोरणं, गुलाल, ढोल-ताशे, गॅलरी-गॅलरीतून पेढे फेकत होते. दुपारी दारात सोनबा उभे राहिले. खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. चपला बाहेर काढून म्हणाले, "भाऊ, ती चकती न्यायला आलो."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. लग्नाकार्यात दिलेल्या सगळ्या चकत्या ते घरोघर फिरून परत घेत होते. परळ, नायगाव, दादर, एकेक घर त्यांच्या ध्यानात होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते थांबले. स्टोव्हखाली ती चकती होती, कडा झिजून तंतू निघालेली. त्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. "आई, तांब्याभर पाणी देता?"

आईने तांब्या दिला. ते वाकले, चकतीवर ओंजळीने पाणी शिंपडलं, चांगली भिजेपर्यंत शिंपडलं, म्हणजे उचलताना काही उडायला नको. मग अलगद उचलून पिशवीत घातली. आई भिंतीला धरून उभी होती. तिला काय आठवलं ते मला कळलं, कारण मलाही तेच आठवत होतं. ती म्हणाली, "मिस्त्री, बसा. पाणी तरी घ्या," आणि तोच तांब्या पुन्हा भरून तिने त्यांच्या हातात दिला. ते उभ्यानेच पाणी प्यायले.

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "राज्य झालं मिस्त्री."

"झालं," ते म्हणाले. "ही एकतिसावी. माझ्या हातचं आता कुठं राहिलं नाय." पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमच्या हातचं तुम्ही बघा, भाऊ."

गॅलरीतून मी त्यांना रस्त्यावर बघितलं. कुणीतरी त्यांना गुलाल लावला, कुणीतरी पेढा दिला. बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोर जवळून गेलं, तेव्हा त्यांनी पिशवी पटकन पलीकडे घेतली आणि ते दूर जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभे राहिले. मग गर्दीत दिसेनासे झाले. पुढच्या पगाराला ते राजीनामा देऊन खेडला गेले असं मी ऐकलं.

दोनशे गोधड्या नळांवर तशाच होत्या. आणखी शिवून येत होत्या, आणि माझा शिक्का त्यांच्यावर पडत होता. लाल धाग्याचं रीळ मी निवृत्त झालो त्या दिवशीही टेबलाच्या खणातच होतं.